उजवी पाकळी

देवळात कौल लावला होता आणि सगळी मंडळी देवीकडे पाठ करून बसली होती. देवीचा अपमान करावा असं कोणाच्याही मनात नव्हतं. टीव्ही मागच्या भिंतीवर होता, कारण विजेचा पॉइंट तिथेच होता, आणि तो तिथेच का, हे विचारायची सोय नव्हती. देवस्थान समितीचे चिटणीस गुरुदास परब यांनी वीजखात्यात असताना तो स्वतःच्या हाताने काढला होता.

टीव्हीची कल्पनाही त्यांचीच. पेडण्याच्या त्या कोपऱ्यातल्या गावात देवीला विचारल्याशिवाय कोणी काही करत नाही. भटजी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने पिटकोळीच्या फुलाची एकेक तांबडी पाकळी चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि मग सगळे वाट बघत बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. पण गाभाऱ्याचं दार अरुंद. मागच्यांना भटजींच्या पाठीखेरीज काही दिसत नसे. गुरुदासबाबांनी आत कॅमेरा लावला, बाहेर हाताला येईल इतक्या उंचीवर टीव्ही बसवला आणि गावाची सोय केली. कृष्णनाथ भटजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांना ही सोय इतकी मानवली, की पाकळ्या चिकटवून झाल्या की तेही बाहेर येऊन टीव्हीसमोर मांडी घालू लागले.

त्या दिवशी प्रश्न गुरुदासबाबांच्या घरचाच होता. त्यांची मुलगी गौरवी पेडण्यात औषधांच्या दुकानात कामाला. मुलगा कारापूरचा साईश, वास्कोच्या बंदरात क्रेन चालवणारा. दोघांचं जमलं होतं. किती, तर 'मुलगा बरा आहे' एवढंच म्हणणारी गौरवी आठवडाभर रोज भात करपवत होती. आता फक्त देवीचा कौल राहिला होता. त्यासाठी साईशची आई यशोदाबाई कारापुराहून आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवत नसे, म्हणून त्यांना गाभाऱ्याच्या दाराशी खुर्ची दिली होती. गौरवी मागे बायकांत बसली होती.

"हलली रे! उजवी हलली!" शेजारचा बाबली टीव्हीवर बोट टेकवून ओरडला.

"बोट काड मरे, माका दिसना!" गुरुदासबाबा म्हणाले आणि बाबलीचं बोट बाजूला सारून त्यांनी स्वतःचा अंगठा तिथे ठेवला. "पड गो बाय, पड!"

हे प्रत्येक कौलाला चाले. ज्याचं काम असे तो पडद्यापाशी जाऊन उजव्या पाकळीला बोटाने, किल्लीने, एखादा छत्रीच्या टोकानेही ढोसत असे. डाव्या पाकळीला कोणी हात लावत नसे. तिच्या पडण्यात कोणाला रस असणार? गुरुदासबाबांनी तर त्या दिवशी उजवीला अंगठ्याने तीनदा दाबलं, तिसऱ्या वेळी जरा जोरातच.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. उजवी पाकळी पडद्यावर घट्ट बसलेली. पंधराव्या मिनिटाला डावी घसरली आणि खाली आली.

"डावो!" बाबलीच्या तोंडून निघून गेलं, आणि मंडळी मांडी मोडून उठली.

यशोदाबाई खुर्चीवरून उठल्या. "बरां तर. येतंय," एवढंच म्हणाल्या आणि चहासुद्धा न घेता गेल्या. भटजींनी आत जाऊन खाली पडलेलं सगळं गोळा केलं. कोणती पाकळी कधी पडली, हे काही पाकळीवर लिहिलेलं नसतं. घरी गौरवी रडली नाही, रुसली नाही. भात मात्र करपायचा बंद झाला, आणि गुरुदासबाबांच्या घशाखाली तो चांगला भात उतरेना.

त्यानंतर गावात उजवा कौल म्हणून आलाच नाही. बाबलीने जुनी पिकअप घेण्याबद्दल तीनदा विचारलं, तिन्ही वेळा डावी. कोणाची विहीर राहिली, कोणाचं घर राहिलं. देवी रुसली, असं सगळ्यांचं मत पडलं. गुरुदासबाबांनी सभा बोलावली. गावाने मिळून देवीला मोठं गाऱ्हाणं घालायचं ठरलं. पण ते देवीला चालेल का? तर त्यासाठी कौल लावला. डावी!

अडीच महिने असे गेले. मग जत्रेच्या आधीची साफसफाई निघाली. मूर्तीवर पांढरं वस्त्र घातलं होतं आणि भटजी आत वाकून पुसापुशी करत होते. एरवी पाकळ्या चिकटवून झाल्यावरच लावायचा टीव्ही त्या दिवशी पुसून चालू ठेवला होता. बाहेर बाबली गाभाऱ्याच्या पायऱ्या धूत होता. त्याने सहज वर बघितलं आणि हातातला खराटा टाकला.

"भटजी! तुमच्या टकलार पाकळी!"

भटजींनी डोक्यावरून हात फिरवला. टीव्हीतल्या टकलावरून टीव्हीतला हात फिरला, पण पाकळी तिथेच. भटजी बाजूला झाले तर ती पांढऱ्या वस्त्रावर. सगळे पोट धरून हसत होते. गुरुदासबाबा हसले नाहीत. त्यांनी कॅमेऱ्याची वायर काढली. पडदा निळा झाला, आणि त्या निळ्यावर, बरोबर उजव्या खांद्याच्या जागी, तांबडी पाकळी!

पेडण्याच्या बाजारातून टीव्ही दुरुस्त करणारा प्रज्योत आला. त्याने नाक पडद्याला लावून बघितलं.

"हंय कोण बोटां लायता?"

"सगळीं," भटजी म्हणाले.

"मग तांच. दाबून दाबून हंयचे ठिपके तांबड्या रंगार अडकून बसले. आत पाकळी पडली तरी हंय ती दिसतलीच."

"म्हणजे इतके दीस..." बाबली हिशेब करू लागला. "माजी पिकअप!" असं ओरडून तो ओल्या पायांनी धावत सुटला. ती पिकअप त्याच्या मेव्हण्याने महिन्यापूर्वीच घेतली होती, देवीला काही न विचारता.

प्रज्योतने मऊ कपड्याने ती जागा हलकेच चोळली आणि सारखे रंग बदलणारा एक व्हिडिओ लावून दिला. चार तास देवळात लाल, हिरवा, निळा लखलखाट चालू होता. दर्शनाला आलेल्या दोन म्हाताऱ्यांनी त्यालाही हात जोडले. संध्याकाळपर्यंत पाकळी विरघळून गेली. "जालो तुमचो टीव्ही बरो," प्रज्योत म्हणाला. गुरुदासबाबांना त्या टीव्हीवर दगड घालावासा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते कारापूरला गेले. यशोदाबाईंनी पाणी दिलं. गुरुदासबाबांनी सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. यशोदाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माका खबर आसा," त्या म्हणाल्या.

"कितां?"

"उजवी पडली तां. दोन मिनटांत पडली. मी दारातच बसलेलंय मगे, सामकी देवीसमोर."

"मग बोलूक नाय कित्या?"

"कसां बोलू? उजवी पडली, मी हात जोडले. मागे पळयलां तर तुमचां 'पड, पड' चालूच. कोण हलना. डावी पडली तशीं एकदम उठलीं. मी म्हटलां, चेडवाच्या बापायक ही सोयरीक नाका. तोंडार सांगूक बरां दिसना, म्हणून तुमी डावी पडासर बसून रवले. मग मी कित्या माझो मान घालवू?"

गुरुदासबाबांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. "साईश?"

"दोन म्हयने तुमच्या फोनाची वाट पळयत रवलो. मोबायल उशाक घेवन न्हिदी. गेल्या आयतारा साखरपुडो जालो. डिचोलीची मुलगी."

आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी माणसाला राहवत नाही. "कौल लायलेलो?"

"लायलो. उजवो पडलो."

"पडद्यार?"

"आमच्या देवळात पडदो नाय, गुरुदासबाब," यशोदाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

परतीच्या बसमध्ये गुरुदासबाबांनी, गौरवीला हे सांगावं की सांगूच नये, याचा पेडणं येईपर्यंत विचार केला. कौल लावून विचारायची तर त्यांना आता भीतीच बसली होती. घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं. गौरवी भाजी चिरत होती. साईश दोन महिने फोनची वाट बघत होता, हे ऐकताना तिचा हात थांबला.

"माका शिवयो दी गो," गुरुदासबाबा म्हणाले. "तुज्या जल्माचां मी वाटोळां केलां. नुसती मान वळवूक जाय होती. देवी चार हातांर होती."

गौरवीने सुरी खाली ठेवली. पाटावरच्या भेंड्या तिने एका बाजूला केल्या.

"शिवयो कशी देऊ, बाबा?" ती म्हणाली. "मीय टीव्हीच पळयत होतंय."