सावंतकाकांचं बंद पाकीट

आमच्या समोरच्या सावंतकाकांच्या मोबाइलला टिकली लावलेली असते. कॅमेऱ्यावर, मधोमध, लाल. दारात भेटले की नमस्काराऐवजी विचारतात, “काय मग, पोस्टकार्ड की पाकीट?”

म्हणजे, फोनवर आपण जे शोधतो ते उघड्यावर की झाकून? काका कल्याणला टपालखात्यात सॉर्टर होते. तीस वर्षं हातांखालून पोस्टकार्डांचे ढीग गेले, पण एकाचाही मजकूर वाचला नाही. “पत्ता वाचायचा, पुढे सोडायचं. मजकूर आपला नव्हे.” मी भेळेचा कागदसुद्धा वाचून मगच टाकते. असल्या माणसापुढे हात जोडावेसे वाटतात.

आधी मात्र मी त्यांना हसायचे. मग एकदा फोनवर मूळव्याधीचे घरगुती उपाय शोधले. त्यानंतर आठवडाभर जिथे जाईन तिथे मलमांच्या जाहिराती! ऑफिसात सगळ्यांना स्क्रीन दाखवायला गेले, तर कामाच्या आधी साहेबांसमोर मलमच हजर. संध्याकाळी मुकाट्याने काकांची बेल वाजवली.

“हे घे नवीन सर्च,” काकांनी चष्मा सरसावून फोनमध्ये सगळं बदलून दिलं. “तू कोण, काल काय विचारलंस, काही लिहून ठेवत नाही. विचार, उत्तर घे, चालू पड.”

मी लगेच ‘जवळची पिठाची गिरणी’ शोधली. त्याने नागपूरची दाखवली.

“बघ!” काका हरखले. “तू डोंबिवलीत राहतेस, हेसुद्धा त्याला ठाऊक नाही!”

वर्षभरात त्यांनी वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत अख्ख्या बिल्डिंगचं सर्च बदललं. सत्तरी उलटलेला माणूस चार मजले चढून एकेकाचा फोन दुरुस्त करतो, तेही चहासुद्धा न घेता. मला तर ते थोरच वाटतात.

गेल्या रविवारी काका दुसराच फोन घेऊन आले. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या काकूंचा. “फार हळू चालतोय गं, बघ जरा.” उघडला, तर आत जुनंच सर्च आणि सगळी हिस्टरी जशीच्या तशी!

“काका, दिव्याखालीच अंधार? थांबा, पुसून टाकते.”

“हात लावू नकोस!”

काकांचा एवढा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग ते खाली बसले.

“तिचा रिपोर्ट आला तेव्हा तिला सांगायचा धीर होईना. म्हणून आधी मी गुपचूप त्या आजाराबद्दल शोधलं. दोघांचे फोन एकाच खात्यावर. दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर केमोनंतर घालायच्या केसांच्या टोपांच्या जाहिराती. म्हणाली, ‘अहो, मला काय झालंय?’ मी सांगायला हवं होतं गं. जाहिरातीने सांगितलं.”

मी फोन त्यांच्या हातात परत दिला. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. काकूंनी शेवटच्या महिन्यांत शोधलेलं ओळीने होतं. एका माणसाच्या भाताला पाणी किती. बीपीची गोळी विसरली तर काय करावे. पुरुषांना जमतील अशा सोप्या भाज्या. आजाराबद्दल एक अक्षर नव्हतं.

“दुसऱ्याचा मजकूर जन्मात हा एवढाच वाचला,” काका म्हणाले. “पण पत्ता माझाच होता ना गं?”