उपरण्याखालची खूण

"आबा, गाडी माझी, वखार माझी, आणि मी लीलाधर. आता अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"खूण," लोटनआबा शांतपणे म्हणाले.

दुपारचे साडेतीन वाजले होते. मेहरूणच्या रस्त्यावरच्या केळीच्या वखारीत जाळीच्या दाराआड ती लाल गाडी उभी होती. दोनच सीट, वर टप नाही, आणि बुटकी इतकी की आत बसायचं म्हणजे जवळजवळ मांडीच घालायची. अख्ख्या जळगावात अशी दुसरी नव्हती. लीलाधरने केळीच्या धंद्यातली दहा वर्षांची शिल्लक तिच्यात ओतली होती. तिचा तात्पुरता विमा आज पाच वाजता संपत होता. कायमचा विमा करायचा तर कंपनीच्या साहेबांनी गाडी चालू करून बघायला हवी होती. विमा नसेल तर चाक हलू देणार नाही, असं सुनंदाबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं, आणि त्या दोघांमध्ये शेवटचा शब्द कुणाचा असतो हे वखारीतल्या हमालांनाही माहीत होतं.

गोंधळाचं मूळ लीलाधरच्या हुशारीत होतं. चोर हल्ली मालकाचा आवाज काढतात, मालकाची चिठ्ठी आणतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्याने राखणीला लोटनआबांना ठेवलं. धुळ्याच्या बैलबाजारात तीस वर्षं दलाली केलेला माणूस. डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोटं शाबूत. उपरण्याखाली हात धरून बोटांनी भाव ठरवायचा, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही, यात आबांचा हात धरणारा कोणी नव्हता. तेव्हा खूणही तशीच ठरली. मालकाने उपरण्याखाली उजवा हात द्यायचा, बोटं ठरल्याप्रमाणे दाबायची, मगच आबा करदोड्याची किल्ली सोडणार.

"मी जरी आलो तरी खुणेशिवाय द्यायची नाही," लीलाधरने बजावलं होतं. "माझ्या माघारी तुम्हीच मालक समजा."

त्याच दिवशी सकाळी खूण देऊन त्याने गाडी उघडली, हमालांना आतला रेडिओ ऐकवला आणि ऐटीत दार लावलं. ऐट बाहेर राहिली, तीन बोटं आत राहिली. डॉक्टरांनी उजव्या हाताला एवढं बँडेज गुंडाळलं की तो हात कुणाचा हे त्याचं त्यालाच ओळखू येईना.

"द्या हात," आबांनी उपरणं पसरलं. लीलाधरने हात घातला. आबांनी चाचपला आणि झटकून दिला. "हाऊ हात नही, हाऊ तं कापूस शे!"

"बोटं चेंगरली हो आबा! हा घ्या डावा."

"डावा हातनी खूण ठरेल नही."

"माझा आवाज ओळखता ना?"

"आवाज कोणीबी काढस. तुम्हीच सांगं व्हतं."

ते खरं होतं. सुनंदाबाई पुढे झाल्या. "मी देते खूण. अहो, काय आहे ती? मला सांगा तरी."

आबांनी उपरणं गोळा केलं. "वहिनी, परकी बाईना हात धरीसन म्हतारपणी मी सौदा करू का?"

हमालांना किल्ली काढून घ्यायला सांगावं, तर आबांनी त्यांनाही पढवून ठेवलेलं. किल्लीला हात लावेल तो चोर, मग तो कुणीही असो. हमाल दोघांकडे आळीपाळीने बघत बसले. शेवटी लीलाधरचा तोल गेला आणि तो ओरडला, "आधी सगळी मूठ, मग दोन बोटं, मग करंगळी! ही खूण! झालं?"

आबा हळहळले. "आते बठ्ठास्नी, हमालस्नीबी, ऐकी. ती खूण गयी. नवी ठरावनी पडी."

"ठरवू या!"

"कोणासंगे ठरावू? मालक खूण देत नही तोवर मालक कोण, तेच माले माहीत नही."

याच वेळी धुळ्याहून आलेले विमा कंपनीचे नासीर साहेब रिक्षातून उतरले. साहेब शांत स्वभावाचे होते. पाचची एस. टी. पकडायची घाई असूनही त्यांनी जाळीतून गाडी न्याहाळली, फॉर्म काढला आणि विचारलं, "वा! मॉडेल यंदाचंच ना? कुठे ठोकर वगैरे? आणि किंमत किती धरायची?"

आबांनी कान टवकारले. मान वळवून त्यांनी त्या आवाजाकडे तोंड केलं.

लीलाधरने सगळी हकीकत सांगितली. साहेबांना त्यातलं अर्धंच कळलं, पण उपरणं बघून ते हसले. "आमचे वालिद दोंडाईच्याच्या बाजारात बैल विकायचे. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मीही बोटं दाबायचो. थांबा, मी बघतो. लाइए बाबा, हात."

उपरण्याखाली दोन हात भेटले. आबांनी काहीतरी दाबलं, साहेबांनी आठवून आठवून काहीतरी दाबलं. आबांनी मान हलवली, 'छे' म्हणाले. साहेबांनी पुन्हा दाबलं. आबांचा चेहरा खुलत गेला. एवढा खुललेला चेहरा लीलाधरने आजवर बघितला नव्हता. शेवटी आबांनी साहेबांच्या हातावर टाळी दिली आणि करदोड्याची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. साहेबांनीही खुशीने अकरा रुपये काढले. "चाय-पानी के लिए, बाबा." आबांनी ते कपाळाला लावून खिशात टाकले.

मग सगळं पटापट झालं. दार उघडलं, गाडी एका झटक्यात सुरू झाली, साहेबांनी नंबर उतरवून घेतले. घड्याळात साडेचार होत होते. सुनंदाबाईंनी प्रथमच गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला. लीलाधरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आबा, साहेबांशी नवी खूण कोणती ठरली?" त्याने लाडात येऊन विचारलं.

"कसानी खूण? सौदा व्हई गया."

"कसला सौदा?"

"गाडीना. बारा हजार. साहेब आठवर व्हतात, मी बारावर लई उनू."

"बारा हजार!" लीलाधर ओरडला.

"बिनशिंगना जनावरले आखो कितला भेटतीन?" आबा दुखावले. "तुम्हीच सांगं, माघारी तुम्हीच मालक. इसारना अकरा रुपयाबी उनात."

नासीर साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "मला वाटलं ते मला खूण शिकवताहेत! जे दाबतील ते मी दाबत होतो." त्यांनी फॉर्मकडे बघितलं. "लीलाधरभाऊ, आता मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव घालू?"

"माझं! अजून कुणाचं?"

हमालांपैकी एकजण पुटपुटला, "उपरण्याखालचा सौदा मोडत नाही, शेठ." बाकीच्यांनी माना डोलावल्या. शब्द मोडणारा व्यापारी म्हणून उद्या बाजारात नाव झालं तर केळीचा एक घड कोणी देणार नाही, हे लीलाधरलाही कळत होतं.

"मला गाडी नकोय हो," नासीर साहेब काकुळतीला आले. "मला पाचची एस. टी. पाहिजे. परत घ्या."

"मंग सोपं शे," आबा समजुतीने म्हणाले. त्यांनी उपरणं झटकलं आणि पुन्हा पसरलं. "साहेब इकतस, शेठ, तुम्ही इकत ल्या. मी मझार शे, दलाल. द्या हात."

पावणेपाच वाजले होते. लीलाधरने डोळे मिटून उपरण्याखाली हात घातला.

आबांनी तो चाचपला.

"हाऊ तं कापूस शे," ते म्हणाले.