निनादने तारीफ केली

"बाबा, तुमच्या त्या बँकेच्या कोचिंगवाल्याला कळवून टाका! पोरगा सोमवारी येणार नाही म्हणावं. पोरगा चॅनेलवर असेल!"

रविवारी सकाळी पोह्यांवर शेव भुरभुरवत निनादने ही घोषणा केली, आणि शेवेचा अख्खा डबा पोह्यांत उपडा झाला.

"आधी डबा सांभाळ," सुभाषराव पेपरामागून म्हणाले.

निनाद स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग शिकत होता. त्याचं कॉलेज एम. पी. नगरातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं आणि तिसऱ्यावर बँकेच्या परीक्षांचं कोचिंग. त्यामुळे घरात ठरलं होतं ते अगदी सोपं होतं. आजच्या प्रॅक्टिकलमध्ये पास झाला, तर सोमवारी चॅनेलमध्ये आवाजाची टेस्ट आणि मग नोकरी. नापास झाला, तर सोमवारी एक मजला वर.

"चांगलं बोल हं," आईने, म्हणजे मनोरमाबाईंनी, हातावर दही ठेवलं. "सगळ्यांबद्दल चांगलं बोल."

"अहो बाबा, तुम्हीपण काहीतरी म्हणा ना! ऑल द बेस्ट वगैरे."

सुभाषरावांनी पेपर आणखी वर धरला. हा माणूस कुणाचंही कौतुक करत नसे. अख्खी अरेरा कॉलोनी त्यांना खडूस म्हणायची. खरं कारण फक्त मनोरमाबाईंना ठाऊक. लग्नानंतर ते एकदा स्कूटरला 'गुणी आहे बिचारी' म्हणाले, ती त्याच संध्याकाळी चढावर पेटली. मिक्सरला 'दणकट' म्हणाले, त्याचं झाकण छताला चिकटलं. शेजारच्या भाग्यश्रीचे केस लांबसडक आहेत म्हणाले, तिला टायफॉइड होऊन ते सगळे गळले! तेव्हापासून मनोरमाबाईंनी त्यांच्या कौतुकाला बंदीच घातली होती.

पोराची जीभ मात्र कुणी तपासली नव्हती.

प्रॅक्टिकल म्हणजे दोन कॉलेजांची क्रिकेट मॅच. मैदानाच्या कडेला समोशांची टपरी, टपरीमागे बांबूचं मचाण आणि मचाणावर कॉमेंटरी बॉक्स. निनादचा आवाज यूट्यूबवर जाणार होता आणि मैदानातल्या भोंग्यांवरही. शेजारी आकडे सांगायला वर्गातली अबोली, मूळची इंदूरची. मागच्या खुर्चीत दिल्लीहून आलेल्या परीक्षक भाटिया मॅडम. त्या हसत नव्हत्या. चहाही घेत नव्हत्या. 

"निन्या, गुडघा हलवू नकोस. मचाण हलतंय," अबोली कुजबुजली.

पहिली बॅटिंग निनादच्याच कॉलेजची. कप्तान विक्रांत पुढे आला. निनादने माईक ओढला.

"और ये हैं विक्रांत! क्या फॉर्म है, क्या तकनीक! आज इन्हें आउट करना नामुमकिन है!"

दांडी गुल.

"होता है, होता है," निनाद घाम पुसत म्हणाला. "अब आए हैं उदय. चट्टान की तरह टिकते हैं!"

चट्टान पहिल्याच चेंडूवर झेल देऊन परत निघाली. तिसऱ्याबद्दल निनाद म्हणाला, "विकेटों के बीच इनसे तेज़ कोई नहीं दौड़ता." तो अर्ध्या वाटेत घसरून पडला आणि पडल्यापडल्याच रनआउट झाला.

 मग एक एक करून सगळ्यांच्या माना मचाणाकडे वळल्या. लग्नात नवऱ्यामुलाची पँट फाटल्यावर वळतात ना, तशा!

विक्रांत पॅडसकट मचाणावर चढून आला. "भाई, हात जोड़ता हूँ, किसी की तारीफ मत कर!"

तेवढ्यात खालून विरुद्ध टीमचा फील्डर ओरडला, "भैया, अगले वाले की भी कर दो ना! समोसा मेरी तरफ से!"

 बोलावं तर टीम संपते, न बोलावं तर आपण संपतो! त्याने दुसरा मार्ग धरला. गप्प बसला.

"आप कॉमेंटरी कर रहे हैं या शोकसभा में बैठे हैं?" मागून भाटिया मॅडम.

"निन्या, बोल काहीतरी! त्या पेन काढतायत!"

"काय बोलू? चांगलं बोललो की माणूस जातोय!"

"मग वाईट बोल!"

बुडत्याला तेवढं पुरलं. पुढचा बॅट्समन येताच निनाद म्हणाला, "इनको बल्ला पकड़ना भी नहीं आता." चेंडू थेट टपरीच्या पत्र्यावर. छक्का! "ये टीम में आए कैसे?" आणखी एक छक्का! बॅटिंगवाली टीम आनंदाने वेडी झाली. बाउंड्रीवरून फर्माइशी सुरू झाल्या. "भैया, मुझे निकम्मा बोलना!" "मुझे भी! जरा दिल से!"

निनाद दिल से बोलू लागला. आळशी, आंधळा, ढोलासारखा. धावा धो धो! तेवढ्यात मागून पेनाचा आवाज आला. भाटिया मॅडमनी एकच शब्द लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. अबोलीने मान वाकडी करून वाचला.

"काय आहे?"

"असभ्य."

निनादला डोळ्यांसमोर तिसरा मजला दिसला. व्याजाची गणितं दिसली.

इकडे घरी मनोरमाबाई मोबाईलवर सगळं ऐकत होत्या. आपला सोन्यासारखा मुलगा भोंग्यावरून लोकांच्या आयाबहिणींसमोर 'निकम्मा' म्हणतोय? त्यांचा निदान करण्यात हातखंडा होता.

"अहो, स्कूटर काढा! पोराला दृष्ट लागलीये!"

"मॅच चालू आहे ना तिथे?"

"काढा म्हणते ना!"

दोघं मैदानावर पोचली तेव्हा मनोरमाबाईंच्या मुठीत मीठ, मोहरी आणि भरपूर लाल मिरच्या होत्या. त्या मचाणाची शिडी चढल्या, लाइव्ह बोलणाऱ्या निनादवरून मूठ उतरवली, मग माईकवरून उतरवली आणि पाहुण्या म्हणून भाटिया मॅडमवरूनही उतरवली.

"ये कौन हैं?"

"आई आहे. मतलब, माताजी हैं, मॅम!"

उतरवलेलं विस्तवात टाकायला हवं. विस्तव कुठे? खाली, टपरीच्या भट्टीत! मनोरमाबाई उतरल्या आणि सगळी मूठ निखाऱ्यांवर रिकामी केली. पुष्कळ मिरच्या होत्या. मचाण बरोब्बर वर होतं.

आधी अबोली खोकली. मग भाटिया मॅडम. मग समोसेवाला, स्लिप, विकेटकीपर, अंपायर! अंपायरने तोंडावर हात धरले ते लोकांना कसलातरी इशारा वाटला. निनादच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पण माईक चालूच होता, आणि भीतीपोटी त्याचं तोंड आपोआप चाललं.

"धुआँ... खो खो... पश्चिमी छोर से उठा है! अंपायर भागे! विकेटकीपर उनसे आगे! समोसेवाले ने कढ़ाई बचाई है, शाबाश... नहीं, शाबाश वापस! और ये एक सज्जन बाल्टी लेकर दौड़े हैं, ये... ये मेरे पिताजी हैं! पिताजी दौड़ रहे हैं! हेलमेट अभी भी सिर पर है! उन्होंने बाल्टी उठाई, निशाना लिया और... सीधे माताजी पर!"

मैदानाच्या चारी बाजूंनी खोकत खोकत लोक हसू लागले. यूट्यूबवर बघणारे आधी सोळा होते, ते बघता बघता हजारांत गेले.

धूर विरला. भाटिया मॅडम टोमॅटोसारख्या लाल झाल्या होत्या. त्यांनी नाक पुसलं, तो शब्द खोडला.

"ये हुई कॉमेंटरी," त्या म्हणाल्या. "पास. कल चॅनेल पे आवाज़ की टेस्ट दे दो. और माताजी को घर पे रखना."

निनादला रडूच फुटलं, आणि ते मिरचीचं नव्हतं. तो शिडीवरून उडी मारून खाली आला. मनोरमाबाई निथळत उभ्या होत्या. सुभाषरावांनी हेल्मेट काढलं.  इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळा..."

"अहो, नको!" मनोरमाबाई किंचाळल्या.

"काय आवाज आहे रे तुझा," सुभाषराव म्हणाले. "एकदम खणखणीत!"

सोमवारी सकाळी निनाद उठला. घशातून नुसती हवा येत होती, आवाज नाही. चॅनेलवाल्यांनी टेस्टची वेळ कळवायला फोन केला, तीनदा 'हॅलो, हॅलो' केलं आणि ठेवून दिला. दहा वाजता सुभाषरावांनी त्याला एम. पी. नगरात सोडलं. तो जिना चढला आणि दुसऱ्या मजल्यावर न थांबता वर गेला. तिथे पहिल्याच तासाला हजेरी होती. निनादला हजर म्हणता आलं नाही, म्हणून त्याची गैरहजेरी लागली.