एकशे चौदा लाटांचं सपाट छप्पर

मुलांनो, ज्या गावात सगळ्यांचं ऐकलं जातं, ते गाव सुखी असतं. सान एवारिस्तोच्या क्लबाच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे (रंग कोणता, हे ठरायला दोन वर्षं लागली). तर आता डोळे मिटा आणि एक छप्पर डोळ्यांपुढे आणा. विटांचं, पण वाऱ्यावर धरलेल्या चादरीसारखं लाटालाटांचं. आमच्या उरुग्वेत अशी छपरं असतात. विटांचं छप्पर वाकवलं की बळकट होतं आणि पाणी आपोआप वाहून जातं. क्लबाला असंच एक छप्पर हवं होतं.

जुनं पत्र्याचं छप्पर गळायचं. त्याखाली गावातल्या मुली चाकांच्या बुटांवर गिरक्या घ्यायला शिकत. दहा वर्षांची यामिला ओलिवेरा मागच्या हिवाळ्यात साचलेल्या पाण्यावरून घसरली आणि हात गळ्यात बांधून महिनाभर हिंडली. शिकवणाऱ्या बाईंनी यंदा सांगून टाकलं होतं, कोरडी जमीन मिळाली नाही तर वर्ग बंद. आणि गवंड्यांनी सांगितलं होतं, आज नकाशावर सही झाली नाही तर उद्या आम्ही दुसऱ्या कामावर.

नकाशा करत होती एमिल्से बेंतांकोर. ही गावचीच मुलगी, मोंतेविदेओला जाऊन वास्तुकला शिकून आलेली. तिने कागदावर एक रेघही ओढली नव्हती. संगणकात तिने एक सूत्र लिहिलं होतं. त्याला तीन आकडे द्यायचे: लाट किती उंच, किती रुंद, कुठून सुरू. सूत्र लाट काढून देई. दोन लाटा दिल्या तर त्यांची बेरीज करी, दहा दिल्या तर दहांची. मग एमिल्सेला वाटलं, प्रत्येक सभासदाने आपली एक लाट दिली तर? छप्पर सगळ्या गावाचं होईल. (ही कल्पना तिला तेव्हा फार उदात्त वाटली. नंतर तिने तिला दुसरं नाव ठेवलं, ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.)

क्लबाचे अध्यक्ष वॉल्देमारकाका यांना ही कल्पना फारच आवडली. कोणाला नाही म्हणायची वेळच येणार नाही, असं ते म्हणाले आणि माते नावाच्या आमच्या कडू चहाचा मोठा घोट घेतला.

सभा भरली. पहिली लाट औषधवाल्या निदियाबाईंची. तिचा माथा नेमका त्यांच्या दुकानाकडे. समोरच्या खाटीक विल्सन तेचेरा यांनी हरकत घेतली की त्यांच्याच बाजूला उंची का, आम्ही काय खड्ड्यात बसायचं? क्लबाच्या नियमाप्रमाणे हरकत हेही मतच. म्हणून एमिल्सेने तीच लाट उलटी करून नोंदवली. माथा होता तिथे खळगा, खळगा होता तिथे माथा. पुढची लाट पाववाल्याची आणि तिच्यावर हरकत त्याच्या मेहुण्याची. संध्याकाळपर्यंत एकशे चौदा लाटा झाल्या, निम्मी मतं आणि निम्म्या हरकती. निवृत्त स्टेशनमास्तरांच्या लाटेला कोणीच हरकत घेतली नाही. हा अपमान सहन न होऊन ती त्यांनी स्वतःच घेतली.

एमिल्सेने बेरजेचं बटण दाबलं. पडद्यावर एक आडवी रेघ आली. यंत्र बिघडलं असं समजून तिने पुन्हा दाबलं, तर पुन्हा तीच. मग तिच्या लक्षात आलं. तुम्हीही करून बघा: पाचात उणे पाच मिळवा. प्रत्येक माथ्याला कोणी ना कोणी खळगा दिला होता. साध्या पट्टीने इतकं सपाट छप्पर काढणं कोणालाही जमलं नसतं.

सभेने ते एकमताने मंजूर केलं. क्लबाच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं, कारण हरकत घ्यायला त्यात काही शिल्लकच नव्हतं.

"काका, सपाट छपरावर पाणी साचतं," एमिल्से म्हणाली. "मग ते गळतं."

"गळू दे की," वॉल्देमारकाका समजुतीने म्हणाले. "सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच गळेल ना?"

सही व्हायची तेवढी राहिली होती, एवढ्यात पाऊस आला. आणि पाऊस आला की आमच्याकडे तोर्ता फ्रिता, म्हणजे जाड फुगऱ्या पुऱ्या, तळतात. मग अंत्ययात्राही थोडी थांबते. पडवीत कढई चढली. सगळी सभा वासामागे बाहेर गेली. आत उरली एमिल्से, गळतीखाली ठेवलेली बादली, आणि बादलीभोवती गिरक्या घेणारी यामिला.

"ताई, माझी लाट घेतलीस का?"

"तू सभासद कुठेयस? बारा वर्षांखालच्यांना मत नसतं."

यामिला थांबली. "म्हणजे मी काही सांगितलं तर ते मत होणार नाही?"

"नाही."

"आणि हरकत कशावर घेतात?"

"मतावर."

"मग माझ्यावर कशी घेतील?"

एमिल्सेने नियम मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासले. त्यात खोट सापडेना. तिने खुर्ची मागे सरकवली, थर्मास उचलला आणि गरम पाणी आणायला गेली. सान एवारिस्तोत पाणी तापायला बराच वेळ लागू शकतो.

यामिलाने तीन आकडे टाकले. एकच लाट, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पडद्यावरची आडवी रेघ फुगणाऱ्या पोळीसारखी वर आली.

तेवढ्यात मंडळी तेलकट बोटं पुसत परतली. पुढे वॉल्देमारकाका होते, हातात पेन. निदियाबाईंना दारातूनच दिसलं की माथा जरासा खाटकाकडे झुकलाय. विल्सन खाटकाला तो औषधांच्या दुकानाकडे झुकलेला दिसला. दोघांनीही हरकतीसाठी हात वर केले. मग बाकीच्यांनीही, आणि हरकती नोंदवायला रांग लागली.

आणि खरं सांगा, वाचता वाचता तुमच्याही मनात आलं ना, की पोरीने निदान कोणाला तरी विचारायला हवं होतं? आलं असेल तर लाजू नका. रांगेच्या शेवटी जागा आहे, या.

यामिलाने त्या रांगेकडे एकदा नीट पाहिलं. मग तिने लॅपटॉपचं झाकण लावलं, तो खुर्चीवर ठेवला, आणि त्यावर बसून बुटांची चाकं हवेत फिरवत राहिली.