मॅन्युअल गिअरच्या अफवेचं माहेर

पुढच्या वर्षी येणाऱ्या स्पोर्ट्स कारला मॅन्युअल गिअरही मिळणार आहे, ही अफवा मंगळवारी सकाळी कोल्हापुरात इंगवल्यांकडे राहायला आली. अंगावर पोपटी साडी, हातात कापडी पिशवी. चपला तिनं दाराबाहेर नीट जोडीनं काढल्या. मंगलआत्यांनी पाणी दिलं आणि चहात साखर किती घालू म्हणून विचारलं.

"दोन चमचे, असं म्हणतात," अफवा म्हणाली.

अफवा ज्या घरी उतरेल त्या घरानं तिला ठेवून घ्यायचं, ही गावची रीत. मागच्या गल्लीतल्या पाटणकरांकडे पाणीकपातीची अफवा उन्हाळाभर राहिली आणि जाताना त्यांचा कुकर घेऊन गेली. पाटणकरांनी चकार शब्द काढला नाही. तेव्हा ती का आली, हे इंगवल्यांकडे कुणी विचारलं नाही. प्रश्न एवढाच होता की तिला झोपवायचं कुठं.

घराला बाहेरची खोली होती आणि आतली. आतली स्वरूपाची होती, म्हणजे होणार होती. ती नुकतीच लग्न होऊन या घरात आली होती. तिच्या वडिलांनी सांगलीहून पाठवलेला पलंग आदल्याच दिवशी जोडून झाला होता. गादीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

"पाहुणीला बाहेर झोपवलं तर लोक काय म्हणतील?" आत्या म्हणाल्या.

लोक काहीतरी म्हणतात म्हणूनच ही बाई जगते, असं स्वरूपाच्या मनात आलं. पण सासूला असं काही ऐकवण्याइतकी ती अजून जुनी झाली नव्हती. तिनं उशी उचलली आणि बाहेर आली.

तेव्हापासून ती आणि तिचा नवरा धैर्यशील बाहेरच्या खोलीत झोपू लागले. एका बाजूला फ्रीज, दुसऱ्या बाजूला सासरे. सासरे पहिल्या गिअरमध्ये घोरायला सुरुवात करत आणि एकही गिअर न चुकवता चौथ्यापर्यंत जात. नवरा-बायकोला बोलायचं असलं की दोघं दारातल्या शिकाऊ गाडीत जाऊन बसत. त्या गाडीला दोन्हीकडे ब्रेक होते, त्यामुळे बोलणं फार पुढं जात नसे.

गाडी होती 'इंगवले मोटार ड्रायव्हिंग स्कूल'ची. सासरे, म्हणजे आनंदराव, गेली कित्येक वर्षं तिच्यावर गावाला क्लच शिकवत आले होते. गिअर बदलता न येणाऱ्यालाही ते माणूस मानत, पण नाइलाजानं. अलीकडे पोरं यायची आणि विचारायची, "मामा, ऑटोमॅटिक शिकवता का?" तेव्हा आनंदरावांचा डावा पाय आपोआप दाबला जायचा आणि खाली काहीच नसायचं.

अफवा आली आणि पोरांची रांग लागली. त्यातल्या एकालाही त्या गाडीचा टायर परवडला नसता.

"उद्या गाडी घेतली आणि क्लचच येत नसला तर इज्जत जाईल की मामा," पोरं म्हणत.

"जाणारच!" आनंदराव समाधानानं म्हणत.

अफवा सकाळी काटकुळी असायची. दिवसभर चहाच्या गाड्यावर, उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत तिच्याविषयी बोलणं झालं की संध्याकाळपर्यंत ती भरायची, बांगड्या हातात रुतायच्या. रविवारी तर तिला पलंग पुरायचा नाही. स्वरूपा तिला जेवण वाढायची, तिच्या साड्या वाळत घालायची आणि दार लोटून बाहेर यायची. दार तिचं होतं, पण आतून कडी अफवा लावायची.

महिन्याअखेरीस महापालिकेच्या अफवा विभागाचे कांडगावकर पाहणीला आले. त्यांनी अफवेला जीभ दाखवायला सांगितली आणि प्रकृती उत्तम असल्याचं जाहीर केलं.

"या जाणार कधी?" स्वरूपानं चहा देता देता विचारलं.

"नियमात तीन वाटा आहेत वहिनी," कांडगावकर म्हणाले. "खरी ठरली की जाते. खोटी ठरली की जाते. नाहीतर लग्न होऊन जाते. तिसरी कुणी वापरत नाही."

"का?"

"स्थळं कोण बघत बसणार?"

"मग बघूया की," स्वरूपा म्हणाली.

या घरात आल्यापासूनचं तिचं हे पहिलं ठाम वाक्य. आनंदरावांनी कपातून मान वर काढली. अफवा गेली तर पोरं जाणार, हे त्यांना कळत होतं. पण तेवढ्यात आत्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"आपल्याला लेक नाही ओ," त्या म्हणाल्या. "तेवढी हौस तरी होईल."

आनंदरावांनी मान परत कपात घातली.

स्थळ मुंबईचं आलं. गाडीच्या कंपनीचा खुलासा. गोरा, पांढरा शर्ट, भांग असा सरळ की पट्टी लावून पाडल्यासारखा. कांदेपोहे झाले. आनंदरावांनी घसा साफ केला.

"गाव कोणतं तुमचं?"

"पुढील मॉडेल्सविषयी आम्ही भाष्य करत नाही," खुलासा म्हणाला.

"भावंडं किती?"

"पुढील मॉडेल्सविषयी आम्ही भाष्य करत नाही."

"पोहे बरे झालेत का?" आत्यांनी आतून विचारलं.

त्यावरही त्यानं तेच सांगितलं, पण बशी पुसून.

"मोजकं बोलतोय. बरं आहे," आत्या स्वरूपाच्या कानात म्हणाल्या. "तुझे मामा बघ, घोरतानासुद्धा शिकवतात."

शेवटी आनंदराव पुढं सरकले आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, आपसातलं विचारतो. मॅन्युअल गिअर देणार का न्हाई?"

"पुढील मॉडेल्सविषयी आम्ही भाष्य करत नाही."

"न्हाई म्हणाला न्हाई!" आनंदराव ओरडले. "ऐकलं ना सगळ्यांनी? न्हाई म्हणाला न्हाई!"

हातात ट्रे धरून उभी असलेली अफवा लाजली आणि सगळ्यांच्या देखत एवढी भरली की ब्लाउजची शिवण उसवली. होकार आहे, हे वेगळं विचारावं लागलं नाही.

"नुसती रजिस्टरात सही केली तरी चालतंय," कांडगावकर म्हणाले होते. पण आत्या ऐकेनात. आपल्या घरातनं पोरगी जाते, ती अशीच कशी पाठवायची? मग मांडव झाला, हळद झाली, आनंदराव आणि आत्यांनी रीतसर कन्यादान केलं. ओटी भरायला स्वरूपाला पुढं केलं. तिनं खण-नारळ घातला आणि वर दोन मुठी तांदूळ जास्तच घातले. परत काही मागायला यायला नको. निघताना अफवेनं आत्यांना मिठी मारली.

"येते मी," ती हुंदके देत म्हणाली, "असं म्हणतात."

त्या दिवशी स्वरूपानं गादीवरचं प्लास्टिक काढलं आणि आतून कडी लावली. धैर्यशील बोलका आहे, हे तिला तेव्हा कळलं. त्याला कारल्याची भाजी आवडते, लहानपणी तो पंचगंगेत एकदा बुडता बुडता वाचला होता, आणि स्पोर्ट्स कारमध्ये त्याला अजिबात रस नाही. हे सगळं दोन ब्रेकच्या गाडीत तो कधी बोलला नव्हता. बाहेरच्या खोलीत आनंदराव मात्र न्यूट्रलमध्ये पडून असत. पोरं पांगली होती.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. एका सकाळी दाराबाहेर चपला दिसल्या, नीट जोडीनं काढलेल्या. अफवा उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी होती. सातवा लागला होता.

"पहिलं बाळंतपण माहेरीच," आत्या म्हणाल्या आणि भाकरतुकडा ओवाळायला धावल्या.

कांडगावकर आले. अफवेची नाडी बघून म्हणाले, "कन्यादान केलंत तुम्ही. सही केली असती तर गोष्ट वेगळी. आता हे माहेर झालं. ही उद्या खरी ठरली, खोटी ठरली, तरी येत-जात राहणार."

लग्न करून दिलेली मुलगी जाते, असं स्वरूपानं धरलं होतं. ती स्वतः लग्नानंतर तीनदा सांगलीला राहून आली होती. तिन्ही वेळा धाकट्या भावानं आपली उशी उचलली होती आणि तो मुकाट्यानं बाहेरच्या खोलीत गेला होता.

"काय होईल वाटतंय?" तिनं अफवेला विचारलं.

"जुळं, असं म्हणतात. एकाला सहा गिअर."

बाहेर आनंदराव शिकाऊ गाडी पुसायला लागले होते. कोपऱ्यावर दोन पोरं येऊन उभीही राहिली होती. स्वरूपानं माळ्यावर घडी घालून ठेवलेलं प्लास्टिक खाली काढलं, झटकलं आणि गादीवर नीट चढवलं. बाळंतिणीला ते लागतंच. मग तिनं उशी उचलली.