झऱ्यावरची पाणबुडी

एका जंगलाला समुद्र लागून होता, बाळांनो. शेजारच्या राजाकडे पाणबुडी आहे हे कळल्यापासून इथल्या सिंहमहाराजांना चैन पडेना. शेवटी त्यांनीही एक लोखंडी पाणबुडी आणली आणि खाडीत उतरवली.

ती चालवायला धोंडोबा कासव होते. पाण्यावर नजर ठेवायचे काम कालिंदीकडे होते. कालिंदी म्हणजे पाणमांजर. रोज सकाळी खाडीत बुडी मारून ती पाण्याचा खारटपणा आणि ऊब तपासायची. दोन्ही वाढले की लोखंड लवकर गंजते. मग ती दरबारात येऊन सांगायची, की पाणबुडी बाहेर काढा, गोड्या पाण्याने धुवा, रंग द्या.

हे वारंवार होऊ लागले. महाराजांना चहा गोड लागेना. त्यांनी पाणी सुधारायचा हुकूम सोडला. ते आपल्या हातात नाही, असे कालिंदी म्हणाली.

प्रधान कोल्ह्याने तिला बाजूला घेतले. डोंगरावर थंडगार झरा आहे, वर जांभळीची सावली आहे, तपासणी तिथेच करत जा, असे त्याने सुचवले.

"पण पाणबुडी खाडीत आहे," कालिंदी म्हणाली.

"झरा तरी शेवटी कुठे जातो? खाडीतच ना?"

कालिंदी आधी रुसली, मग गेली. झऱ्याचे पाणी उत्तम निघाले. दरबारात तिला शाल आणि नारळ मिळाला. पुढच्या वेळी ती आपणहून झऱ्यावर गेली. पाणबुडीचे तांबूस पापुद्रे निघायला लागलेत, असे धोंडोबा सांगायला आले, तेव्हा तिने त्यांच्याकडे बघायचे टाळले.

"पाणी चांगलं आहे, काका," ती म्हणाली.

इतके चांगले पाणी, तर आपणही एक फेरी मारावी, असे महाराजांना वाटले. पाणबुडी त्यांना घेऊन खाली गेली. वर यायच्या वेळी खटका हलेना. धोंडोबांनी जोर लावला, तर तो उपटून त्यांच्या पंजात आला. त्या भोकातून पाणी आत शिरले.

काठावरून कालिंदीला बुडबुडे दिसले. तिने उडी घेतली. झाकण इतके गंजले होते, की एका धक्क्यात निखळले. तिने आणि धोंडोबांनी महाराजांना आयाळ धरून काठावर ओढले.

"महाराज, चूक माझी आहे," ती रडत म्हणाली. "मी भलत्याच पाण्याची खबर देत होते."

महाराज शिंकले. मग विचारात पडले.

"झऱ्याचं पाणी खरंच चांगलं आहे?"

"आहे, महाराज."

"मग पाणबुडी तिथे न्या."

हत्तींनी पाणबुडी खाडीतून काढली आणि डोंगरावर ओढत नेली. झऱ्याला घोटाभर पाणी. तेव्हापासून तिला गंज म्हणून चढलेला नाही. धोंडोबा दर्यासारंग झाले. ते तिच्या टपावर ऊन खात बसतात. कालिंदी रोज तिथले पाणी तपासते आणि दरबारात अगदी खरे तेच सांगते.

तात्पर्य: मुलांनो, खोटे कधी बोलू नये. बोललोच, तर पाणबुडी उचलून तिथे नेऊन ठेवावी, म्हणजे ते खरे होते.