जुनी अकरावी

आमच्या इमारतीत नवा माणूस आला की अण्णा खिलारे त्याचं नाव विचारत नाहीत. "शिक्षान?" एवढंच विचारतात. उत्तर मिळालं की क्षणभर डोळे मिटतात आणि त्या शिक्षणाचा जुना भाव सांगतात. माझा भाव पहिल्याच भेटीत ठरला. "सर, तुमची एम.ए. म्हंजे आमची नववी. तीबी सहामाहीपतूर."

तीस वर्षं कॉलेजात शिकवून मी निवृत्त झालो होतो. तरी पुढचे दोन दिवस मला बाकावर उभं केल्यासारखं वाटत राहिलं.

अण्णा स्वतः जुनी अकरावी. मूळचे म्हसवडकडचे, घरी मेंढरं. साताऱ्यात पाणीपुरवठ्याच्या चावीवर, म्हणजे गल्लोगल्ली पाणी सोडायच्या कामावर, त्यांची हयात गेली. "जुनी अकरावी म्हंजे आताची पीएच.डी.," हे ते इतक्या शांतपणे सांगतात, की ऐकणाराच ओशाळतो.

अलीकडे मात्र त्यांचं गणित चुकू लागलं होतं. आमचा वॉचमन बी.कॉम. निघाला, त्या दिवशी ते हादरलेच. "आमच्या सायबाचा सायेब बी.कॉम. हुता, सर! त्येची खुर्ची गोल फिरायची. ह्येची प्लास्टिकची, तीबी एका पायानं लंगडी. मग शिक्षान वाढलं का सस्त झालं?"

या विषयावर मी बरंच वाचलं आहे. तरी मी घड्याळात पाहिलं.

"आन आमचा पोरगा. एमबीए. बँकेत हाय म्हनतोय, पर बँकेत बसत न्हाई. दिसभर लोकांस्नी फोन करतोय. ह्येचा काय भाव काढू?"

तेवढ्यात सोसायटीने जिन्याखाली नावांची पाटी लावायचं ठरवलं. नावापुढे पदवी हवीच, असा सगळ्यांचा आग्रह. दुसऱ्या मजल्यावरच्या प्लॉटच्या एजंटाने नावाआधी 'डॉ.' लिहून दिलं. ही डॉक्टरकी त्याला कुठल्याशा पीठाकडून शाल आणि फोटोसकट आली होती. त्यावरून भांडण झालं आणि सेक्रेटरी देशमान्यांनी नियम काढला : सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय पदवी नाही. ते पाहण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

लोक फायली घेऊन रांगेने आले. एकाने टायपिंगचंही लॅमिनेट करून आणलं. अण्णा तेवढे आले नाहीत. जिन्यात भेटले तरी चपलांकडे बघत निघून जायचे.

मीटिंगमध्ये एजंटाने डाव साधला. "काय अण्णा, पीएच.डी. घावंना व्हय?"

सगळे हसले. "हुडकतोय," म्हणून अण्णा उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "अण्णा, सर्टिफिकेट हरवलं असेल तर तसं सांगा."

"हरवाय आदी असावं लागतंय, सर."

"म्हणजे नापास?"

"त्येच तर ठावं न्हाई."

मला काही कळेना. अण्णा खिडकीबाहेर बघत बोलू लागले. "परीक्षा दिली आन दादाच्या कळपावर पाटणकडं गेलो. थोरला भाऊ माझा. त्येनं मेंढरामागं ऱ्हाऊन मला शाळंत घातलं. गावाकडं आलो तवर निकाल लागून म्हैना झाल्ता. दादानं इचारलं, झालास न्हवं पास? माझी मान हालली. त्येनं आख्ख्या वाडीला गूळ वाटला. मग शाळंत जाऊन इचारायची छातीच झाली न्हाई. नोकरी सातवीवर लागली."

"आणि इतक्या वर्षांत एकदाही नाही विचारलंत?"

"न्हाई."

"अहो, शाळेत रजिस्टर असेल. मी बघून येतो. दहा मिनिटांचं काम."

अण्णांनी माझं मनगट धरलं. "नको, सर. दादा हाय अजून. ऐंशीच्या घरात हाय, पर कुनी पावना आला की आदी सांगतोय, माझा भाऊ अकरावी. नापास निघालो तर त्येच्याम्होरं कसा जाऊ? दादा हाय तवर न्हाई बघायचं."

"मग पाटीवर?"

"नुसतं नाव लिवा. हसूद्यात."

दुपारी देशमाने यादी न्यायला आले. त्यांनी चष्मा सावरला, ओळीवरून बोट फिरवलं आणि खिलाऱ्यांच्या नावाशी थांबले.

"जुनी अकरावी पास. सर्टिफिकेट बघितलंत ना?"

"बघितलं," मी म्हणालो. "कागद पिवळा पडलाय, पण अक्षर स्वच्छ आहे."